कोनाड्यातल्या आईची नजर

गणपतीच्या डोळ्यांची आखणी हा आमच्या घरचा धंदा आहे आणि त्यात माझा हात चांगला आहे. हे मी विनयाने वगैरे सांगत नाही. ज्याचं काम बेताचं असतं त्याला विनय शोभतो. आमच्या कारखान्यात माती मळायला, साचे भरायला, अंगाला रंग द्यायला माणसं येतात, जातात, बदलतात. डोळे मात्र घरच्याच हाताने व्हायचे. आधी आजोबा, मग बाबा, आणि बाबांचा हात थरथरायला लागल्यापासून मी. बाईमाणूस आखणी करतं म्हटल्यावर मंडईकडच्या काही जुन्या गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली होती. बाबांनी त्यांना एवढंच सांगितलं, "मग दुसरीकडून न्या मूर्ती. तिरळी निघाली तर दुरुस्तीला इकडे आणू नका." एकही गिऱ्हाईक गेलं नाही.

आखणीची आमची एक रीत आहे. मूर्ती पाटावर ठेवायची, आपण समोर बसायचं, तिची नजर आणि आपली नजर एका पातळीत आणायची आणि मगच कुंचला उचलायचा. घरचा गणपती चौरंगावर असतो, समोर माणूस हात जोडून असतो, आणि देवाने त्याच्याकडे पाहायला हवं. बाबा म्हणतात, "आपण देवाकडे बघतो यात काय मोठं? आपण रस्त्यावरचं भांडणसुद्धा बघतो. देवाने बघितलं पाहिजे." डोळे झाले आणि गिऱ्हाइकाने ते पसंत केले की मूर्तीच्या तोंडावर रुमाल टाकायचा, तो घरी स्थापना होईपर्यंत काढायचा नाही. या रितीत कधी चूक झाल्याचं आमच्या घरात कुणाला आठवत नव्हतं.

दिवाळी होऊन गेली होती. कर्वेनगरातला आमचा कारखाना त्या दिवसांत रिकामा असतो. साचे धुऊन ठेवलेले आणि बाबा खुर्चीत बसून पेपरातल्या चुका काढत असतात. तेव्हा एक फादर आले. कॅम्पाच्या बाजूला एक जुनं चर्च आहे, तिथले. मूळचे वसईकडचे, मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ. म्हणाले, "ताई, आमच्याकडे मरियामातेची एक लाकडी मूर्ती आहे. आपण एकदा येऊन पाहाल का? तिचे डोळे बिघडलेत."

"बघू," मी म्हटलं. पुण्यात होकाराला यापेक्षा मोठा शब्द नाही.

चर्चमध्ये मी त्याआधी कधी शिरले नव्हते. बाहेरून साधी पांढरी इमारत. आत पाऊल टाकलं आणि समोरच्या वेदीमागची भिंत पाहून मी तिथेच उभी राहिले. छतापर्यंत गेलेलं लाकूडकाम, आणि त्यात एकही रेघ सरळ नाही. खांबांना दोरासारखा पीळ दिलेला, त्या पिळातून द्राक्षांचे वेल चढलेले. जिथे तिथे गुबगुबीत पोरांची तोंडं. मानेखाली धड नाही, थेट पंखच. त्यावर सोन्याचा वर्ख, कुठे काळवंडलेला, कुठे उडालेला, पण अजून जिवंत. आणि मधोमध, खूप उंचावर, एका कोनाड्यात ती उभी.

"याला बरोक शैली म्हणतात," फादर म्हणाले. "चार-पाचशे वर्षांपूर्वी युरोपात काही लोकांचं म्हणणं पडलं की मूर्ती नकोत, चित्रं नकोत, भिंती कोऱ्या ठेवा. रोमच्या धर्मपीठाने त्यांना हे उत्तर दिलं. माणूस आत आला की त्याचा श्वास अडकला पाहिजे, मग उपदेश."

"म्हणजे देखावा," मी म्हटलं.

"देखावाच. पण जीव ओतून केलेला."

मला ते फार आवडलं. गणेशोत्सवातल्या झगमगाटाला नाकं मुरडणारे माझ्या ओळखीचे पुष्कळ सज्जन आहेत; साधेपणातच काय ती भक्ती असते असं त्यांना वाटतं. त्या सगळ्यांना आणून त्या बाकांवर बसवावं असं मला वाटलं. फादर म्हणाले, ही वेदी फार पूर्वी गोव्याहून आली, केव्हा आणि कशी ते कुणी नक्की सांगू शकत नाही. नमुने समुद्रापलीकडून यायचे, पण हात तिथल्याच सुतारांचे असायचे. ते ऐकून मी भिंतीकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला लागले.

पुढच्या बाकावर एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. पाठीला एवढा बाक आलेला की हनुवटी छातीला टेकलेली. आम्ही जवळ गेलो तरी त्यांची मान वर झाली नाही. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं.

"रंगाचे डाग आहेत चपलांवर," त्या म्हणाल्या. "म्हणजे तुम्हीच त्या."

त्या शाळेत शिकवून निवृत्त झाल्या होत्या, म्हणून सगळं चर्च त्यांना बाई म्हणायचं. मीही म्हणायला लागले. माणसं त्या आता चपलांवरूनच ओळखायच्या. मूर्तीचं हे काम व्हावं म्हणून फादरांच्या मागे लागलेल्या त्याच. वेदीसमोर एक लाकडी कठडा होता. तिथल्या एका जागेकडे त्यांनी काठीने दाखवलं.

"लहानपणी मी तिथे गुडघे टेकायचे. वर पाहिलं की ती थेट माझ्याकडे बघत असायची. लग्न झालं तेव्हा, यजमान गेले तेव्हा, नेहमीच. मग एका भल्या माणसाला भक्तीचं भरतं आलं. त्याने जुने डोळे खरवडले, सगळ्या मूर्तीला ऑइलपेंट फासला आणि नवे डोळे काढले. निळे! तेव्हा माझी मान अजून वर होत होती. मी पाहिलं तर ती कुणाकडेच बघत नव्हती. दचकल्यासारखी नुसती समोर. तेव्हापासून ती माझ्याकडे बघत नाही."

मग काठी खाली टेकवून त्या म्हणाल्या, "ईस्टर झाला की मुलगी मला नाशिकला नेणार. कायमची. त्याआधी जमेल का तुम्हाला?"

मी "बघू" म्हटलं नाही. मी "जमेल" म्हटलं.

मूर्ती टेंपोतून, गाद्यांत गुंडाळून आमच्याकडे आली. बाबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि खुर्चीत बसून निकाल दिला. "कारागीर कच्चा आहे. डोकं बघ केवढं. मान पुढे पडलेली, पाय आखूड. आणि हा पदर कुठे चाललाय? घाटातल्या वाऱ्यात उभी आहे का ही?"

त्यांचं अगदीच चुकीचं नव्हतं. पाटावर उभी केली तर ती खरोखर बेढब दिसत होती. कपड्याच्या चुण्या वारा सुटल्यासारख्या एका बाजूला उडालेल्या, आणि पापण्या अशा जड की डुलकी लागली आहे असं वाटावं. पण मग मी ऑइलपेंट उतरवायला लागले. कापसाच्या बोळ्याने टिचभर जागा साफ करायची, थांबायचं, पुन्हा करायचं. त्या जाड रंगाखाली निळा झगा होता. त्या निळ्यात बारीक फुलं होती, आणि ती रंगाने काढलेली नव्हती. आधी सगळ्या झग्याला सोन्याचा वर्ख लावलेला, त्यावर निळा रंग चढवलेला, आणि मग टोकदार काडीने निळा खरवडून खालचं सोनं फुलांच्या आकारात उघडं केलेलं. एवढी मेहनत, आणि ती पार मागच्या बाजूलाही, जिथे कोनाड्यात कुणाची नजर कधी पोचणार नाही. पायांखाली ढग होता, आणि ढगाच्या खाली कमळाच्या पाकळ्या कोरलेल्या. आमच्या गणपतीच्या आसनाला असतात तशाच.

"बाबा, हे पाहा," मी म्हटलं.

बाबांनी चष्मा पुसला, पाकळ्यांवरून बोट फिरवलं. "कारागीर कच्चा आहे," ते म्हणाले, "पण आपला आहे."

मध्ये एकदा फादर बाईंना गाडीतून घेऊन आले. मूर्ती तेव्हा टेबलावर आडवी होती. बाई तिच्यावर ओणवल्या, आणि बऱ्याच वर्षांनी त्यांना तिचं तोंड दिसलं. डोळ्यांच्या जागी नुसतं कोरं लाकूड होतं. त्यांनी तिच्या गालाला हात लावला.

"रंग उतरला तशी तरुण झाली," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "बाई, डोळे झाले की मी तिला पुन्हा अशीच आडवी ठेवते. तुम्ही या, मनसोक्त बघा. एकदा वर चढली की तुम्हाला दिसायची नाही."

"आईला झोपवून भेटायला ती काय आजारी आहे?" बाई म्हणाल्या. "जिथे ती उभी राहते तिथेच भेटेन."

मग मी आखणीला बसले. आमच्या रितीप्रमाणे मूर्ती पाटावर, मी समोर, नजर नजरेच्या पातळीत. बाबा म्हणाले, "झोपाळू आहे, जागी कर." पापण्या इतक्या खाली होत्या की नजर समोर आणायची तर बाहुल्या वरच्या पापणीला चिकटवाव्या लागल्या. तसं केलं, आणि ती जागी झाली. काळेभोर, ओलसर डोळे, सरळ माझ्याकडे. इतके चांगले डोळे मी त्याआधी काढले नव्हते. बाबा खुर्चीतून उठून माझ्या जागी बसले, बराच वेळ तिच्या नजरेला नजर देऊन राहिले आणि म्हणाले, "हं." त्यांच्याकडून यापेक्षा मोठं कौतुक मला आजवर मिळालेलं नाही. मी तिच्या तोंडावर रुमाल टाकला.

मूर्ती कोनाड्यात चढवायच्या दिवशी बाबा हट्टाने रिक्षातून आले. बांबूंच्या परांचीवर चढलेल्या माणसांनी तिला जागेवर बसवलं, मी वर जाऊन रुमाल काढला, खाली आले आणि मधल्या बाकावर बाबांच्या शेजारी जाऊन बसले.

आधी मला आनंदच झाला. डोकं मोठं नव्हतं. मान पुढे पडलेली नव्हती. ती आमच्याकडे झुकली होती. पाय आखूड नव्हते. उडालेला पदर दोन्ही बाजूंच्या पिळाच्या खांबांशी असा जुळला होता की सगळी भिंतच तिच्याकडून वर निघाली होती. त्या माणसाने सगळं खालून मोजलं होतं. खाली उभं राहणाऱ्याला, गुडघे टेकणाऱ्याला ती कशी दिसेल, एवढाच हिशेब त्याने धरला होता, आणि आम्ही तिला पाटावर ठेवून नावं ठेवत होतो.

मग मी डोळ्यांकडे पाहिलं. माझे ते सुंदर डोळे आमच्या डोक्यांवरून पार मागे गेले होते. चर्चच्या दारावर एक सज्जा आहे, तिथे गाणारी मंडळी उभी राहतात. मरियामाता एकाग्रपणे त्या सज्ज्याकडे बघत होती.

  बाबा काठीवर हनुवटी टेकून वर बघत राहिले.

"डोकं मोठं नव्हतं," ते शेवटी म्हणाले. "आपण फार उंच बसून बघत होतो."

मग त्यांनी कोनाड्याकडे पाहून हात जोडले. ते देवीला होते की त्या सुताराला, मी विचारलं नाही.

आजोबांपासून चालत आलेली आमची रीत चौरंगासाठी होती. कोनाड्यातल्या देवाची आखणी आमच्या घरात कुणी केलीच नव्हती. फादर चांगले माणूस, म्हणाले, "राहू द्या ताई, सुंदर आहेत डोळे, लोकांना चालेल." लोकांना चाललं असतं. पण कठड्यापाशी बाईंनी काठीने दाखवलेली ती जागा रिकामी होती, आणि तिथे नजर पडत नव्हती. मी म्हटलं, "मला नाही चालणार."

आमच्या नशिबाने त्यांच्याकडेही एक रीत निघाली. ईस्टरच्या आधी, उपवासाच्या शेवटच्या दिवसांत, चर्चमधल्या मूर्ती जांभळ्या कापडाने झाकतात, आणि त्या ईस्टरलाच उघडतात. आमचा रुमाल, त्यांचं कापड. फादर म्हणाले, "कापडाच्या आत तुम्ही काय करता ते मी विचारणार नाही."

सकाळची प्रार्थना संपून लोक गेले की मी परांचीवर चढायचे. कापड बाजूला सारायचं, माझेच डोळे माझ्याच हाताने पुसायचे. ते पुसताना वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? बाबा खाली कठड्यापाशी, बाईंच्या जागेवर, बुटक्या स्टुलावर बसायचे, म्हणजे गुडघे टेकलेल्या माणसाएवढी उंची यावी. चर्चमध्ये ओरडायचं नाही म्हणून काठीने खुणा करायचे. काठी खाली म्हणजे बाहुली आणखी खाली. काठी आडवी म्हणजे बाजूला. काठी जमिनीवर दोनदा आपटली म्हणजे, मूर्ख आहेस.

वरून मला ते सगळं चुकीचंच दिसत होतं. बाहुल्या खालच्या पापणीला टेकल्या होत्या, आणि जवळून ती स्वतःची बोटं मोजत असल्यासारखी दिसत होती. आमच्या घरातल्या कुणालाही विचारलं असतं तरी त्याने हे डोळे फुकट गेले म्हणून सांगितलं असतं. पण पापणी हात लावून पाहिली की कळायचं. त्या सुताराने ती नेमकी याच नजरेसाठी कोरली होती. मी तिला जबरदस्तीने उठवलं होतं, एवढंच. आयुष्यभर मी डोळे माझ्या डोळ्यांनी जोखून काढले. हे मात्र बाबांच्या काठीवर विश्वास ठेवून काढले. एका सकाळी काठी हललीच नाही. मी परांचीवरून वाकून खाली पाहिलं. बाबा वर बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी कुंचला धुतला, कापड सारखं केलं आणि खाली उतरले.

ईस्टरच्या रविवारी मी नवीन साडी नेसून गेले. कापड उतरलेलं होतं, मेणबत्त्या पेटल्या होत्या, सगळं सोनं जागं झालं होतं. प्रार्थनेच्या वेळी माणसं रांगेने वेदीपाशी जायची आणि परतताना एखादं मागे वळून वर बघायचं. हे सगळं मी शेवटच्या बाकावरून बघत होते, आणि माझी छाती फुगली होती. इथे कुणाला माहीत नव्हतं, हे काम गणपतीच्या कारखान्यातलं आहे. मला उभं राहून सांगावंसं वाटत होतं. सांगितलं नाही, फादरांनी सांगितलं, शेवटी, सगळ्यांसमोर, आणि लोकांनी वळून टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घातली नाही.

गर्दी ओसरल्यावर बाई काठी टेकत कठड्यापाशी गेल्या. मी मागोमाग गेले. त्यांनी हळूहळू, कठड्याला धरून, त्याच जागी गुडघे टेकले. मान छातीशीच होती. त्यांना समोर दिसत होती ती फक्त फरशी.

"सणाच्या चपला घातल्यास," त्या म्हणाल्या. "चांगलं केलंस." पहिल्यांदाच मला अगं-तुगं करत होत्या.

"बाई, मी खुर्ची आणते. मागे रेललात तर जरा दिसेल."

"थांब गं. बघते आहे का ती?"

मी त्यांच्या शेजारी गुडघे टेकले आणि वर पाहिलं. "बघते आहे."

"तुझ्याकडे की माझ्याकडे?"

मी बाजूला सरकले, पुन्हा पाहिलं, नीट पाहिलं. "तुमच्याकडे, बाई."

"नक्की?"

"नक्की."

"मग खुर्ची कशाला?" त्या म्हणाल्या. "मला ती पाठ आहे. मी तिला दिसले, झालं." आणि डोळे मिटून तशाच बसून राहिल्या. बाहेर त्यांची मुलगी गाडीपाशी वाट बघत होती. तिला मी हाताने थांबायला सांगितलं.

आमच्याकडे मूर्ती न्यायला आलेला माणूस तिला दारात नेऊन उजेडात बघतो, मान तिरकी करून बघतो, बायकोला दाखवतो, आणि मग पसंत करतो. आजवर सगळ्यांनी माझं काम असंच बघून पसंत केलं. न बघता, केवळ माझ्या शब्दावर पसंत केलं ते एकट्या बाईंनी.